तारण

१९९१ साली माझी बदली एटापल्लीला झाली. मी तिशीतला, नवा नवा अधिकारी. उन्हाळ्यात पहाटे गावाबाहेर पडले की मोहाखाली टोपल्या घेऊन वाकलेल्या बायका दिसत.

एके दिवशी एक माडिया गृहस्थ कर्ज मागायला आले. कशासाठी? जाड दोर, बादली आणि अंगभर कपडा. आग्या मोहोळ मशालीने जाळायचे नाही, संधिप्रकाशात फक्त मधाचा भाग कापायचा, असे त्यांच्या मनात होते. आग्याचे पोळे एकच, उघडे, उंच फांदीला लटकलेले. मध वर एका कोपऱ्यात, पिल्ले खाली. कोपरा तेवढा काढला तर माश्या तो पुन्हा बांधतात. सातेरी पेटीत राहते, आग्या राहत नाही, हेही त्यांनीच सांगितले.

मी विचारले, "तारण काय?"

ते म्हणाले, "साहेब, झाडं आहेत ना."

झाडे वनखात्याची. मी अर्ज नामंजूर केला. नियमाने चूक काहीच नव्हती.

पुढे निवृत्तीनंतर वाचनात एक संशोधन आले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस यांनी आपल्या भीमाशंकरच्या जंगलात वारस या झाडाचा अभ्यास केला होता. त्याची फुले रात्री उमलतात आणि त्यांचे परागण करतो भुंगा! २००१ साली हे प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की तिथलाच एक दुसरा भुंगा चंद्र नसलेल्या रात्रीही, नुसत्या चांदण्यांच्या उजेडात उडतो आणि खुणांचे रंग ओळखतो. त्या उजेडात आपल्याला रंग दिसत नाहीत.

मग एटापल्लीचा मोह आठवला. त्याची रसाळ फुले खायला रात्री वटवाघळे येतात आणि पराग या झाडावरचे त्या झाडावर नेतात. त्या बायका पहाटे फुले वेचत. मागाहून टोळी येई, तिचे तेल निघे. पण रात्रपाळीच्या या कामगारांची नोंद माझ्या कुठल्याच खातेवहीत नव्हती. झाड म्हणजे नुसते लाकूड नव्हे, येणारे-जाणारे सगळे मिळून झाड. ते गृहस्थ खरेच तारण दाखवत होते. मला ते वाचता आले नाही.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्याने पोळे धरले. सभेत औषध मारण्याचा ठराव आला. मी म्हटले, "गच्चीला कुलूप लावा, मुलांना वर सोडू नका. फुलोरा सरला की त्या आपणहून जातात."

"आणि कोणाला चावल्या तर? जबाबदारी कोणाची?" सेक्रेटरींनी विचारले.

मी कागद मागवला आणि सही केली. पावसाच्या तोंडावर माश्या गेल्या. टाकीखाली मेणाची रिकामी चंद्रकोर राहिली आहे. ती मी काढू दिलेली नाही.