सैल जोडाचा भुर्दंड

जुन्या मोटारीचा आल्टरनेटर ठीक आहे, बॅटरीही नवी आहे. तरी बॅटरी पुरेशी भारित होत नाही. मित्रांनो, दोष कोठे असेल? पुष्कळदा तो दोहोंना जोडणाऱ्या जाड तारेच्या टोकाशी असतो.

तेथील जोड सैल झाला वा गंजला, की धातूचे पृष्ठभाग थोड्याच बिंदूंत टेकतात आणि रोध वाढतो. समजा, तो 0.05 ओहम झाला. दिवे लावल्यावर 30 अँपिअर प्रवाह वाहिला, तर ओहमच्या नियमाने 1.5 व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. आल्टरनेटरच्या 14.2 व्होल्टांपैकी बॅटरीपर्यंत 12.7 पोहोचतात. पूर्ण भारित बॅटरीचा स्वतःचाच दाब सुमारे 12.6 व्होल्ट असतो. मग ती भारित होणार कशी? शिवाय जोडात 45 वॅट उष्णता निर्माण होते. तिने तांबे आणखी गंजते, रोध आणखी वाढतो.

दुरुस्ती करताना बॅटरीची ऋण तार प्रथम काढतात, कारण ही जाड तार इंजिन बंद असतानाही बॅटरीला जोडलेली असते. काळवंडलेला भाग चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापून नवा लग दाबून बसवतात व नट घट्ट आवळतात.

मग इंजिन आणि दिवे चालू ठेवून जाणकार माणूस व्होल्टमापक तारेच्या दोन्ही टोकांना लावतो. काटा शून्याजवळच राहिला, की समजावे, जोड साधला!