गौर उभी करायची म्हणजे मूर्तीच घडवायची

भाद्रपद जवळ आला की वेरिबी, टार्निट, पॉइंट कुक भागातल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. "मुखवटे आहेत हो, सासूबाईंनी दिलेले. पण उभ्या कशावर करायच्या?" पुढचा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, पण मनात असतो: सगळं व्यवस्थित करूनही आईच्या घरच्या गौरी जशा जिवंत दिसायच्या, तशा इथे का दिसत नाहीत?

उत्तर भक्तीत नाही, ती तर भरपूर आहे. उत्तर बरंचसं मापात आणि उजेडात आहे. गौर उभी करणं हे शिल्पकाम आहे, आणि तेही बऱ्यापैकी अवघड.

एरवी शिल्पकार एकाच माध्यमात स्त्रीमूर्ती घडवतो. गणपतराव म्हात्रे यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना १८९६ साली 'मंदिरपथगामिनी' केली. देवळाकडे निघालेली नऊवारीतली तरुणी, सगळी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये. रवींद्रनाथ टागोरांनी तिच्यावर लेख लिहिला, इतकी ती गाजली. त्या मूर्तीला रंग नाही. लुगड्याच्या चुण्या, खांद्याची गोलाई, चेहऱ्यावरची शांती, हे सगळं फक्त उजेड आणि सावली दाखवते. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायकराव करमरकर यांनी तर सिमेंटसारख्या रुक्ष वस्तूतून माणसं आणि जनावरं जिवंत केली. त्यांचं घर आता संग्रहालय आहे, सुट्टीत गेलात तर जरूर बघा. आणि आपल्या मेलबर्नचेच बर्ट्रम मॅकेनल यांची १८९३ ची 'सर्सी' ब्राँझची आहे, ती नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाच्या संग्रहात आहे. ब्राँझवर उजेड पसरत नाही, जिथे पडतो तिथे चकाकतो. म्हणजे माध्यम बदललं की उजेडाचं वागणं बदलतं.

आता आपल्या गौरीकडे बघा. चेहरा पितळेचा किंवा शाडूचा, अंग लोखंडी स्टँडचं नाहीतर कापडी कोथळ्याचं, वर रेशमी साडी, जर, मोती, सोनं, काचेच्या बांगड्या, फुलं, आणि समोर समई. एका मूर्तीत सात-आठ माध्यमं, आणि प्रत्येकाला वेगळा उजेड मानवतो! कोकणात बऱ्याच घरी नदीवरच्या खड्यांच्या किंवा तेरड्याच्या गौरी असतात, तिथे हा खटाटोप नाही. पण मराठवाडा, विदर्भ आणि देशावरच्या उभ्या महालक्ष्म्यांना तो चुकत नाही.

आधी मापाचं बघू. मोठ्या माणसाची उंची साधारण त्याच्या डोक्याच्या साडेसात पट असते. म्हणजे मुखवटा ६ इंचांचा असेल, तर गौर ४५ इंच, म्हणजे पावणेचार फूट हवी. घरात मिळालेल्या अडीच फुटी स्टुलावर तोच मुखवटा बसवला, की गौर लहान मुलीसारखी दिसते. देवीचा चेहरा मोठा दिसावा म्हणून सहा पट केलं तरी चालतं, पण पाचच्या खाली जाऊ नये. खांद्यांची रुंदी मुखवट्याच्या दीड ते दोन पट. इथे लोखंडी स्टँड मिळाला नाही तर प्लंबिंगचा पाइप, खाली जड पाया आणि वर आखूड कापलेला हँगर, एवढ्यात काम होतं. हँगरवर टॉवेलची घडी घालून खांदे गोल करा, नाहीतर पदर खुंटीवर टांगल्यासारखा दिसतो. वजन नेहमी तळाशी ठेवा. पूर्वी कोठीत धान्य भरायचे, त्यात श्रद्धा होती तसा हा हिशेबही होता. तांदळाची ५ किलोची पिशवी पायाशी ठेवली की पोरं धावली तरी गौर हलत नाही.

मग चेहरा. मुखवटा सरळ लावला की ती समोरच्या भिंतीकडे बघते. आपण तर खाली पाटावर बसलेलो असतो. मुखवट्याच्या मागे वरच्या बाजूला कापडाची छोटी गुंडाळी सरकवा, म्हणजे चेहरा किंचित खाली झुकेल. एवढ्याशा बदलाने गौर आपल्याकडे बघायला लागते. हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणतात, "बाई, काय प्रसन्न दिसतायत!" कारण कोणाच्याच लक्षात येत नाही.

आता मुख्य गोष्ट, उजेड. गावाकडे गौरी ओसरीत किंवा माजघरात बसायच्या, उजेड एका बाजूच्या दारातून यायचा. इथल्या घरांत छतात दिवे बसवलेले असतात. वरून सरळ पडणाऱ्या उजेडाने डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळी सावली पडते, चेहरा थकलेला दिसतो. फोटो नीट यावा म्हणून समोरून जोरदार दिवा मारला, तर सावलीच नाहीशी होते आणि मुखवटा थाळीसारखा सपाट दिसतो. उपाय सोपा आहे. छतातले दिवे बंद करा. एक टेबललॅम्प गौरीच्या एका बाजूला, तिच्या डोक्यापेक्षा थोडा वर आणि पुढे ठेवा, म्हणजे उजेड तिरका पडेल. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर किंवा भिंत असली की सावली मऊ होते. बल्ब पिवळसर घ्या, खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेला. ६५०० च्या निळसर उजेडात हळद फिकी आणि सोनं पितळेसारखं दिसतं.

पितळेच्या मुखवट्याचं थोडं वेगळं आहे. तो आरशासारखा वागतो, उघडा बल्ब त्यात ठिपका होऊन दिसतो. दिव्यावर शेड हवीच. जरीला मात्र नेमकं उलट हवं, बारीक बारीक ठिपके. म्हणून समईच्या ज्योती आणि छोट्या दिव्यांची माळ साडीच्या बाजूला शोभते, चेहऱ्याजवळ नाही. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला, की बघणारा हलला तरी रंग बदलतो. निऱ्या उजेडाच्या बाजूला किंचित वळवून ठेवल्या तर हा खेळ आपोआप दिसतो.

आणखी एक गंमत. भारतात चित्रकार उत्तरेच्या खिडकीचा उजेड पसंत करतात, कारण तो दिवसभर शांत आणि सारखा असतो. इथे दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे शांत उजेड दक्षिणेच्या खिडकीतून येतो! दिवसा पूजा असेल तर ती खिडकी गौरीच्या बाजूला येईल असं बघा. संध्याकाळी मात्र सप्टेंबरच्या सुरुवातीला इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. हळदीकुंकू सगळं दिव्याच्याच उजेडात होणार, हे धरूनच मांडणी करावी.

दोन काळजीच्या गोष्टी. समई पदरापासून हातभर लांब ठेवा. सिंथेटिक साडी जळते तशी वितळून अंगाला चिकटते. धुराचा अलार्म वाजतो म्हणून तो काढून ठेवू नका, समईच लांब हलवा. आणि भारतातून सामान आणताना धान्य, सुकी फुलं, गवत, बांबू, लाकूड विमानतळावर जाहीर करावंच लागतं. शहाणपणाचं म्हणजे मुखवटे, हात आणि दागिने तेवढे आणावेत, अंग इथेच घडवावं.

हल्ली साडीसकट तयार गौरी विकत मिळतात. वेळ नसेल तर घ्याव्यात, त्यात कमीपणा काही नाही. पण गावाकडे हे कोणी शिकवत नसे. काकू निऱ्या धरायची, आत्या नथ अडकवायची, आणि पोरं बघत बघत शिकायची. इथे बहुतेक घरांत दोनच माणसं असतात. त्यांनी खोका उघडून तयार मूर्ती ठेवली, तर मुलांना बघायला काही उरत नाही. अनुराधा नक्षत्रावर आवाहन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. तिसऱ्या दिवशी आपणच सगळं उतरवतो, मुखवटे मऊ कापडात गुंडाळून ठेवतो, आणि पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे दर वर्षी शिकायची आणि शिकवायची नवी संधी.

यंदा मांडणी झाली की मुलाच्या हातात टॉर्च द्या, दिवे घालवा आणि त्याला गौरीभोवती फिरू द्या. "कुठून सगळ्यात छान दिसते?" असं विचारा, आणि तो सांगेल तिथे दिवा ठेवा.