गाठ आहे, पण कोणाच्या मते?

फुफ्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ दिसते का, एवढाच प्रश्न. अमेरिकेतल्या ‘एलआयडीसी-आयडीआरआय’ या संग्रहातला प्रत्येक स्कॅन त्यासाठी चार रेडिओलॉजिस्टनी तपासला. स्कॅन होते १०१८. निदान एकाने तरी ‘ही गाठ’ म्हणून खूण केली, अशा जागा निघाल्या २६६९. आणि चौघांचंही एकमत झालं अशा किती? ९२८! तेही दोनदा पाहून: आधी एकेकट्याने, मग बाकी तिघांच्या खुणा नावं झाकून समोर ठेवून.

गंमत म्हणजे चौघांना बसवून एकमत करायला लावलंच नाही. मतभेद जसेच्या तसे नोंदवून ठेवले. मला तरी या संग्रहाचं मोठेपण त्याच्या आकारापेक्षा यातच दिसतं.

पण संगणकाला शिकवायला लागणाऱ्या लाखो चित्रांना चार-चार तज्ज्ञ आणायचे कुठून? स्टॅनफर्डच्या ‘चेक्सपर्ट’ संग्रहात छातीचे २,२४,३१६ एक्स-रे आहेत. तिथे संगणकालाच जुने रिपोर्ट वाचायला लावून खुणा करून घेतल्या: आहे, नाही, सांगता येत नाही. रिपोर्टात उल्लेखच नसेल, तर जागा कोरी. ही कोरी जागा भारी फसवी. खोकल्यासाठी काढलेल्या एक्स-रेच्या रिपोर्टात बरगडीच्या जुन्या फ्रॅक्चरबद्दल अक्षर नाही. म्हणजे ते नव्हतंच, की डॉक्टरांना लिहिण्याजोगं वाटलं नाही? संगणकाला शिकवताना कोऱ्या जागेचा अर्थ सहसा सरसकट ‘नाही’ असा धरतात. सोय आहे, पण डोळ्यांवर कातडं ओढून केलेली.

‘न्यूमोनिया नाकारता येत नाही’ हे रिपोर्टातलं नेहमीचं वाक्य. याला काय म्हणायचं? २०१९ मध्ये ‘चेक्सपर्ट’च्या संशोधकांनी संगणकाला शिकवताना अशा शंका वगळून पाहिल्या, सगळ्या ‘नाही’ धरून पाहिल्या, सगळ्या ‘आहे’ धरूनही. फुफ्फुसाचा भाग आकसण्याच्या, म्हणजे अ‍ॅटेलेक्टॅसिसच्या बाबतीत शंकेला ‘आहे’ धरणं सरस ठरलं. हृदय मोठं झालंय का, या प्रश्नात मात्र शंकेला स्वतःचा तिसरा कप्पा दिल्यावर निकाल सुधारला. कारण तिथे शंका बहुतेकदा काठावरच्या हृदयाबद्दल असते. डॉक्टर मोघम बोलत नसतात, हृदयच मधल्या मापाचं असतं.

आणि खरं उत्तर कोणालाच ठाऊक नसेल तर? डेव्हिड आणि स्कीन या संख्याशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच तोड काढली होती. उदाहरण होतं ४५ रुग्णांचं: भूल घ्यायला कोण किती योग्य, यावर पाच भूलतज्ज्ञांची मतं. खरं उत्तर कळलं तर कोण कुठे चुकतो ते कळेल. कोण कुठे चुकतो ते कळलं तर खरं उत्तर. कोंबडी आधी की अंडं! त्यांनी बहुमतासारख्या ढोबळ अंदाजापासून सुरुवात केली, त्यावरून प्रत्येकाच्या चुकांची धाटणी काढली, त्या धाटणीवरून उत्तरं सुधारली, आणि आकडे हलायचे थांबेपर्यंत हेच चालू ठेवलं. एखाद्या डॉक्टरने एखादा रुग्ण पाहिलेलाच नसला तरी हे गणित अडत नाही. उत्तरतालिका कोणाकडेच नसताना परीक्षकांचीच परीक्षा घेता येते, आणि ती त्यांच्या आपसातल्या मतभेदांवरून!