सवयी रोजच्या, परिणाम पोटावर

● रात्रीचे जेवण : जेवून लगेच आडवे झाले की जठरातले आम्ल अन्ननलिकेत चढते. जेवण आणि झोप यांत २ ते ३ तासांचे अंतर ठेवा. जळजळीचा त्रास असल्यास डाव्या कुशीवर झोपा.

● तंतुमय पदार्थ : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम हवेत. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाज्या, पेरू यांतून ते मिळतात. प्रमाण हळूहळू वाढवा, सोबत पाणीही. नाहीतर गॅस धरतो.

● शौचाची वेळ : सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. तेव्हा आलेली शौचाची भावना वारंवार दाबून ठेवली, तर मल कोरडा आणि कडक होतो.

● तंबाखू, मिश्री : निकोटिनमुळे अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते, आंबट ढेकर आणि जळजळ वाढते.

● वेदनाशामक गोळ्या : आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मनाने वारंवार घेतल्यास जठरात व्रण होऊ शकतो.

डॉक्टरांकडे कधी जावे? शौचातून रक्त, डांबरासारखा काळा मल, गिळताना त्रास किंवा कारणाविना घटणारे वजन, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नका.