बोळक्या तोंडाचा गॅबी

जॉर्ज ‘गॅबी’ हेज (१८८५–१९६९), हॉलिवूडच्या काउबॉयपटांतला विनोदी नट. जन्म न्यूयॉर्क राज्यातला. व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे रंगमंचावरच्या विविधरंगी करमणुकीच्या खेळांत, कमावलेली पुंजी १९२९च्या शेअर बाजारात बुडाली आणि चाळिशी उलटलेला हा गडी हॉलिवूडमध्ये राबू लागला. घोड्यावर बसायलाही सिनेमासाठीच शिकला! ‘होपालाँग कॅसिडी’ या काउबॉयपटांच्या मालिकेत तो विंडी हॅलिडे होता. पैशांवरून बिनसलं आणि त्याने ती मालिका सोडली, पण ‘विंडी’ नाव सोबत नेता येईना; म्हणून रिपब्लिक स्टुडिओत ‘गॅबी’ झाला आणि पडद्यावरचा गाणारा काउबॉय रॉय रॉजर्स याचा जोडीदार म्हणून गाजला. बोळकं तोंड, पिंजारलेली दाढी, टोपीची वर दुमडलेली कड आणि अखंड कुरकुर. एरवी मात्र टापटीप, वाचनवेडा गृहस्थ. गुळगुळीत नायकांपेक्षा तोच जास्त लक्षात राहतो. हॉलिवूडच्या वॉक ऑफ फेमवर त्याचे दोन तारे आहेत, रेडिओ आणि टीव्हीसाठी. सिनेमासाठी एकही नाही.