टायरचेही वय विचारावे

पुष्कळ घरांतील मोटार आठवड्यातून एकदाच बाहेर निघते. मुले परगावी नोकरीला, वडील सेवानिवृत्त. तेव्हा रविवारी, सणासुदीला किंवा कोणाच्या लग्नकार्याला गाडी काढावयाची, आणि एरवी ती दारात झाकून ठेवावयाची, अशी रीत हैदराबाद, इंदूर, बडोदे येथील आपल्या अनेक कुटुंबांत पडून गेली आहे. अशा गाडीचा मालक पाहुण्याला मोठ्या कौतुकाने सांगतो, "नऊ वर्षे झाली, पण टायर पाहा, नक्षी अजून नव्यासारखी आहे!" मग नाताळात नातवंडे आली म्हणजे याच टायरांच्या भरवशावर, सारे सामान मागे लादून, गोव्याचा रस्ता धरला जातो.

मालकाची नजर चुकलेली नाही. कसोटी मात्र अपुरी आहे. टायर किती झिजला, एवढेच नक्षी सांगते. तो किती जुना झाला, हे तिला सांगता येत नाही.

हा भेद केवढा महाग पडतो, याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. १० सप्टेंबर २०१२ च्या रात्री वाइट बेटावरील संगीतोत्सव आटोपून तरुण मंडळी बसने लिव्हरपूलकडे परतत होती. सरे परगण्यात हाइंडहेड गावाजवळ बसचा पुढचा टायर फुटला, बस रस्ता सोडून झाडावर आदळली, आणि चालकासह तिघे प्राणास मुकले. पुढे चौकशीत निघाले की, तो टायर एकोणीस वर्षांहून अधिक जुना होता. मृतांपैकी एक मुलगा अवघा अठरा वर्षांचा होता. म्हणजे टायर त्याच्या जन्माआधीचा! तरीही त्या वेळच्या कायद्यात तो टायर वापरणे हा अपराध नव्हता. कायदा नक्षीची खोली मोजीत होता; वय विचारीत नव्हता. त्या मुलाच्या आईने हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये मालमोटारी व बसगाड्यांच्या पुढील चाकांना दहा वर्षांहून जुने टायर लावण्यास बंदी झाली. खाजगी मोटारी त्या नियमाबाहेरच राहिल्या. तेथे डोळस राहण्याची जबाबदारी मालकाचीच आहे.

न चालताही टायर म्हातारा का होतो, असे कोणी विचारील. रबराचे लांबलचक धागे गंधकाने एकमेकांस सांधलेले असतात, आणि त्या सांध्यांमुळेच रबराला लवचिकपणा येतो. हवेतील प्राणवायू व ओझोन या रचनेवर सतत काम करीत असतात. ऊन त्यांना साथ देते आणि उष्णतेने तर ही क्रिया झपाट्याने वाढते. टायर बाहेरूनच जुना होतो असेही नाही. आत दाबून भरलेली हवा हळूहळू रबरात झिरपते, आणि पोलादी तारांचे पट्टे जेथे रबराला घट्ट चिकटलेले असतात, तेथील पकड ढिली करते. मग एखाद्या दिवशी भरधाव वेगात, तापलेल्या रस्त्यावर, वरचा थर सुटून येतो.

उभ्या गाडीचे दैव तर आणखी विचित्र आहे. रबराच्या संरक्षणासाठी त्यात मेण व काही रसायने मिसळलेली असतात. चाक फिरताना टायर दबतो, सुटतो, आणि ही द्रव्ये पृष्ठभागावर येतात. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की हे संरक्षण कमी पडते. म्हणून कमी चाललेला टायर हा तरुण टायर असतोच असे नाही.

जन्मतारीख कोठे पाहावी?

टायरच्या बाजूवर छोट्याशा लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१७ असे असेल तर टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनमध्ये तयार झाला. तीनच आकडे असतील, तर तो इसवी सन २००० च्या आधीचा समजून तत्काळ काढून टाकावा. पुष्कळदा हे आकडे टायरच्या आतल्या अंगाला असतात. तेव्हा गॅरेजवाल्याकडून पाहून घ्यावे. वय मोजावे ते या तारखेपासून, खरेदीच्या पावतीपासून नव्हे.

स्टेपनीला विसरू नये. डिकीत ती नवीकोरी दिसते, परंतु वय तिलाही चुकत नाही. आणि नेमकी आडरस्त्यावर आपण तिच्यावरच विसंबतो.

किती वर्षे वापरावा?

याचे एकच उत्तर नाही. कित्येक मोटार-कारखाने नक्षी कशीही असो, सहा वर्षांनी टायर बदलावयास सांगतात. काही टायर-कारखाने पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून तपासणी करून घ्यावी, आणि दहा वर्षे ही शेवटची मर्यादा मानावी, असे म्हणतात. सहा वर्षे भरताच टायर फुटतो असे नव्हे. परंतु ग्वाल्हेर-हैदराबादचा उन्हाळा ध्यानात घेता, आपण सहाच्या बाजूला झुकावे हे शहाणपणाचे. निदान त्याहून जुन्या टायरांवर कुटुंबासह लांबचा प्रवास करू नये.

वयाच्या आतही काही खुणा दिसल्यास थांबू नये. बाजूवर किंवा नक्षीच्या खाचांत बारीक भेगा पडणे, कोठे फुगवटा येणे, गाडी विनाकारण थरथरणे, एकाच चाकाची हवा वारंवार उतरणे, ही सारी धोक्याची लक्षणे होत. फुगवटा म्हणजे आतील दोरे तुटल्याची खूण. असा टायर गावातही चालवू नये. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, आणि टायरचे आयुष्य संपले. हवा महिन्यातून एकदा, चाके थंड असताना तपासावी; कमी हवेचा टायर अधिक दबतो आणि अधिक तापतो. मात्र या खुणा नसल्या म्हणजे सारे कुशल, असे समजू नये. आतील थर सुटू लागल्याचे बाहेरून दिसतेच असे नाही. म्हणूनच तारखेचा आधार घ्यावयाचा.

चारही टायर एकदम घेणे सर्वांस परवडते असे नाही. दोनच घेतले तर नवी जोडी मागे बसवावी, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली तर गाडी आवरत नाही. स्वस्तात मिळणारे जुने टायर मात्र टाळावेत. काळे पॉलिश लावून, प्रसंगी नक्षी पुन्हा कोरून ते विकले जातात.

काटकसर हा गृहस्थाश्रमाचा अलंकार खरा. पण ज्या चाकांवर आपली लेकरे बसवावयाची, त्यांच्या बाबतीत तो उतरवून ठेवलेला बरा. आज संध्याकाळी पाच मिनिटे काढून गाडीपाशी जा, खाली वाका, आणि पाचही टायरांवरील ते चार आकडे वाचा.