हातावर विरघळलं, म्हणून अस्सल?

दिवाळीच्या आधी नेरूळमधल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक टेम्पो येतो. मागे तुपाचे डबे, पुढे तराजू. विकणारा चमच्याच्या टोकाने थोडं तूप काढतो आणि थेट गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतो. "बघा ताई, विरघळलं. अस्सल गावरान." ताई मान डोलावतात आणि अर्धा किलो घेतात. मीही दोनदा घेतलंय. दुसऱ्या खेपेचं तूप वाफाळत्या वरणभातावर घातलं, तर ताटातून वासच उठला नाही, जिभेवर नुसता ओशटपणा राहिला. तेव्हापासून तूप हातावर घेऊन बघणं मी सोडलं.

तळहाताची ऊब साधारण 32 ते 34 अंश असते. गाईम्हशीचं तूप त्याच्या आसपास वितळतं, हे खरं. पण वनस्पती तूपसुद्धा साधारण तेवढ्याच उष्णतेला वितळावं अशा बेताने बनवलेलं असतं. थंडीत बाटलीत गोठलेलं खोबरेल तर हातावर घेताक्षणी पातळ होतं. या परीक्षेत सगळेच पास होतात.

दाण्याचंही तसंच. "रवाळ आहे म्हणजे शुद्ध आहे" हे आपण इतक्यांदा ऐकलंय की गुळगुळीत तूप दिसलं की शंका येते. दाणा पडतो तो तूप सावकाश निवल्यामुळे. तेच तूप गरम असताना फ्रिजमध्ये ठेवलं तर मेणासारखं घट्ट आणि सपाट होईल. डेअरीत ठरावीक उष्णतेला तासन्‌तास ठेवून मुद्दाम दाणा पाडतात. म्हशीच्या तुपाचा दाणा मोठा असतो, गाईच्या तुपाचा बारीक. नवी मुंबईच्या हवेत मे महिन्यात ओट्यावरच्या बरणीतलं तूप पूर्ण पातळ होतं, डिसेंबरात थिजतं आणि मधल्या महिन्यांत खाली रवा, वर तेलासारखा थर दिसतो. हा थर पाहून तूप फेकून देणारे लोक मला माहीत आहेत. तुपातले काही घटक आधी गोठतात, काही नंतर. भेसळीशी त्याचा संबंध नाही.

रंग तर याहून फसवा. गाईच्या दुधात कॅरोटीन उतरतं म्हणून तिचं तूप पिवळसर असतं. म्हैस चाऱ्यातल्या त्याच कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. पांढरं तूप हे खोटं तूप नव्हे. आणि पिवळा रंग काय, थेंबभर घातला की येतो.

मग भेसळ ओळखायची कशी? याला जुना इतिहास आहे. 1937 मध्ये डालडा बाजारात आला आणि वनस्पती तूप साजूक म्हणून खपवणं सोपं झालं. त्यावर कायद्याने उपाय काढला: वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचं तेल घालायचंच. तिळाच्या तेलातला एक घटक हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साखरेबरोबर गुलाबी-लाल रंग देतो, त्यामुळे तुपात वनस्पती मिसळलं की प्रयोगशाळेत ते पकडलं जाई. हीच बॉडोइन चाचणी. ती आम्ल आणून ओट्यावर करायची गोष्ट नाही, आणि केली तरी आज तिचा भरवसा अर्धाच. भेसळीला पाम तेल किंवा दुसरी एखादी चरबी वापरली असेल, तर त्यात तीळच नसतो, मग रंग येणार कुठून? उकडलेला बटाटा किंवा रताळं कालवलं असेल तर मात्र टिंचर आयोडीनच्या थेंबाने निळा रंग येतो. ही चाचणी घरी करता येते. बाकीचं काम प्रयोगशाळेतल्या गॅस क्रोमॅटोग्राफीचं.

फार थोड्यांना माहीत असलेली एक सोय इथे सांगते. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे साधा ग्राहकही विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून सरकारमान्य अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. मात्र आपण तो तपासायला देणार आहोत, हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. पदार्थ कायद्यात बसत नाही असं निघालं, तर शुल्क परत मिळतं.

माझ्या मते मात्र सगळ्यात चांगली परीक्षा कागद-पेन्सिलीची. फुल क्रीम दुधात किमान 6 टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे लिटरमागे साधारण 60 ग्रॅम. तुपाचा एक थेंबही वाया गेला नाही असं धरलं तरी किलोभर तुपाला 16-17 लिटर दूध लागतं. गाईच्या दुधात स्निग्धांश साडेतीन ते चार टक्के, म्हणजे 25 ते 29 लिटर. दूध 60 रुपये लिटर धरा आणि गुणाकार करा: दीड हजारांच्या वर नुसतं दूधच गेलं. मोठ्या डेअऱ्यांना तूप याहून खूप स्वस्त विकता येतं, कारण साय काढल्यावर उरलेल्या दुधाची पावडर होते, टोन्ड दूध होतं, त्याचेही पैसे येतात. त्यामुळे डेअरीचं तूप स्वस्त आहे म्हणून ते वाईट ठरत नाही. पण "अख्ख्या दुधाला विरजण लावून, हाताने घुसळलेलं गीर गाईचं तूप, फक्त सहाशे रुपये किलो" असं कोणी म्हणालं, तर या हिशोबात ते कुठेच बसत नाही.

पुढचा गैरसमज सध्या सगळ्यात महाग आहे: "ए-2 तूप". ए-1 आणि ए-2 ही दुधातल्या बीटा-केसीन नावाच्या प्रथिनाची रूपं आहेत. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. मानकाप्रमाणे तो किमान 99.5 टक्के हवा आणि पाणी अर्ध्या टक्क्याच्या वर नको. प्रथिनं बरीचशी ताकाबरोबर जातात, उरलेली कढवताना बेरी होऊन तळाला बसतात, आणि ती आपण गाळून टाकतो. बेरी काढून टाकायची आणि बेरीच्या नावाने पैसे घ्यायचे, हा व्यवहार मला पटत नाही. 21 ऑगस्ट 2024 ला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दूध आणि दुग्धजन्य पदार्थांवरून असे दावे काढायला सांगितलं होतं. पाच दिवसांत, आणखी चर्चेसाठी, तो आदेश मागे घेतला गेला. आदेश मागे गेला तरी तुपातलं प्रथिन काही वाढलं नाही.

डब्यावर बघायचं ते हे: 14 अंकी परवाना क्रमांक, घटकांत फक्त दुधाचा स्निग्धांश, आणि पॅकिंगची तारीख. किराणा दुकानात त्याच फळीवर "पूजेचं तूप" असतं. त्यावर बारीक अक्षरांत "खाण्यासाठी नाही" लिहिलेलं असेल, तर ते दिव्यापुरतंच. घाईत तेच घरी येतं आणि शिऱ्यात पडतं.

घरी करणाऱ्यांची तक्रार वेगळी असते. "हल्लीच्या दुधाला सायच येत नाही, पावडरचं दूध असणार." बऱ्याचदा कारण पिशवीवरच छापलेलं असतं: होमोजिनाइज्ड. त्या प्रक्रियेत स्निग्धांशाचे कण इतके बारीक केलेले असतात की ते वर येऊन जाड साय धरत नाहीत. तुपासाठी होमोजिनाइज न केलेलं फुल क्रीम किंवा म्हशीचं दूध घ्यावं. साय आठ-दहा दिवस फ्रिजमध्ये साठवली, विरजण लावलं, घुसळताना उन्हाळ्यात बर्फाचं पाणी आणि थंडीत किंचित कोमट घातलं की लोण्याचा गोळा सुटून येतो. तो दोन-तीन पाण्यांत धुवायचा.

कढवताना डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला येतात. आधी मोठा फेस येतो आणि तडतड ऐकू येते, ते पाणी उडत असतं. पाणी आहे तोवर पातेल्यातली उष्णता शंभर अंशांच्या फार वर जात नाही. तडतड थांबली की ती भराभर चढते, आणि तूप करपतं ते याच दोन मिनिटांत. बारीक फेस दुसऱ्यांदा आला, बेरी बदामी झाली, की गॅस बंद करायचा; जाड बुडाचं पातेलं पुढचं काम स्वतःच्या उष्णतेवर करतं. या वेळी टाकलेलं विड्याचं पान ही नुसती रीत नाही. पानातल्या घटकांनी तुपाचा खवटपणा लांबतो, असं दुग्धशास्त्रातल्या प्रयोगांत दिसलेलं आहे.

"साजूक आहे, कितीही खा" आणि "तूप म्हणजे हृदयविकार" ही दोन्ही टोकं सोडावीत. एका मोठ्या चमच्यात साधारण 120 कॅलरी आणि आठेक ग्रॅम संपृक्त चरबी असते. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे अशी चरबी 22 ग्रॅमच्या आत हवी, आणि त्यात दूध, चीज, फरसाण सगळं आलं. भातावर, पोळीवर तूप खुशाल घ्यावं, पण मोजून.

आता ट्रेकसाठी सॅक भरताना. पनवेलहून ठाकूरवाडीला जाऊन प्रबळमाचीवर मुक्कामाला जाणारी मुलं "तूप खराब होईल" म्हणून लोण्याची वडी घेऊन निघतात. होतं उलटंच. लोण्यात 16 टक्क्यांपर्यंत पाणी असतं, ते उन्हात लवकर बिघडतं आणि छोट्या शेगडीच्या एकवटलेल्या आचेवर पातळ भांड्यात लगेच जळतं. तुपाला फ्रिज लागत नाही आणि त्याचा धूर सुमारे 250 अंशांना निघतो. दोघांच्या दोन जेवणांना 50 ग्रॅम पुरतं. बाटली रुंद तोंडाची आणि फिरकीच्या झाकणाची घ्यावी, कारण डिसेंबरात तूप निमुळत्या तोंडातून बाहेर येत नाही आणि एप्रिलमध्ये सैल झाकणातून स्लीपिंग बॅगमध्ये उतरतं. फोडणीचा वेळ वाचवायला सोललेला लसूण तुपात बुडवून नेण्याची टूम मात्र करू नये. हवाबंद तुपात ओला लसूण दिवसभर उबेत राहिला, तर बॉट्युलिझमच्या जंतूंना हवी तशी जागा तयार होते. लसूण सुटा न्यावा आणि तिथेच ठेचावा.

खिचडीवर घालून उरलेलं तूप घरी आणल्यावर मोठ्या बरणीत परत ओतू नका. माचीवर त्यात ओला चमचा गेलेला असतो. वेगळ्या वाटीत काढून दोन दिवसांत पोळ्यांना लावून संपवा.